हेडफोन घ्यायचाय? आधी कानाला विचारा!

हल्ली घरात माणसं चार आणि आवाज आठ अशी गत झाली आहे. एकीकडे सासूबाईंची मालिका, दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या, आणि त्याच खोलीत दहावीतली लेक मोबाइलवर गणिताचा तास ऐकत बसलेली. शहापुराहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचे आसनगावपासून जाऊन-येऊन जवळजवळ चार तास लोकलमध्ये जातात. मुरबाडकरांना तर आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. तेव्हा हेडफोन ही काही आता चैन राहिली नाही. पण हजार-दीड हजारात मिळणाऱ्या मोठ्या, कान झाकणाऱ्या हेडफोनात चांगला कुठला, हे आपण बायकांनी ओळखायचं कसं? (या वस्तूशी आपलं नातं तसं जुनंच, बरं का! १९१० च्या सुमारास अमेरिकेत नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने आपले हेडफोन घरच्या स्वयंपाकघरातच बनवले होते.)

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ ही साधारण माणसाच्या कानाची मर्यादा. ती जवळजवळ प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. ‘४० मिलिमीटर ड्रायव्हर’ म्हणजे आतल्या पडद्याचा व्यास. पातेलं मोठं म्हणून आमटी चवदार होते थोडीच! पाहायचं ते हे, की गादी कानाभोवती बसते की कानावर टेकते. चित्रात दोन्ही सारखेच दिसतात. ‘बोट’ कंपनीचाच रॉकर्झ ४५० कानावर टेकणारा आहे, तर रॉकर्झ ५५० कान झाकणारा. टेकणारा हेडफोन अर्ध्या तासात कानाची पाळी दुखवतो.

दुकानात दुपारी जा, गर्दी नसते तेव्हा. हेडफोन डोक्यावर चढवा आणि पंधरा-वीस मिनिटं काढूच नका. पहिल्या मिनिटाला सगळेच मऊ वाटतात. खरं काय ते दहाव्या मिनिटानंतर कळतं. रोज घालता त्याच कुड्या घालून जा, कारण कुडीची फिरकी गादीखाली दाबली गेली की मानेपर्यंत कळ जाते. अंबाडा घालत असाल तर पट्टी त्याला अडते का पाहा. चष्मा असेल तर तोही हवाच. काडीमुळे गादी आणि गाल यांच्यात फट राहते, कान दुखतो तो वेगळाच, आणि त्या फटीतून खालचा, खर्जाचा आवाज निसटतो. म्हणजे बसणं आणि ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. वजनही पाहा. अडीचशे ग्रॅम ऐकायला काही वाटत नाही, पण पाव किलो साखरेची पुडी दोन तास डोक्यावर ठेवून बघा! रेक्झीनची गादी आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने चिकचिकते; कापडी गादी थंड असते, पण तिच्यातून बाहेरचा आवाज जास्त आत येतो.

आता आवाज. दुकानदार धडधडणारं गाणंच लावून दाखवील. ते ऐकून घ्या, आणि मग आपलं लावा. स्वस्त हेडफोनात खर्ज मुद्दाम वाढवलेला असतो, कारण पहिल्या ऐकण्यात तोच छाप पाडतो. मग गाणाऱ्याचा गळा त्याखाली दबतो. मी म्हणेन, आधी आकाशवाणीच्या बातम्या लावा. ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात का? शब्द सुटे ऐकू येतात का? लेकीला शेवटी मास्तरांचं बोलणंच ऐकायचं आहे. मग भीमसेन जोशींचा तुमच्या अगदी ओळखीचा एखादा अभंग. टाळांच्या गजरातही शब्द स्वच्छ यायला हवेत, आणि तबल्याचा डग्गा घुमला पाहिजे, पत्र्याच्या डब्यासारखा वाजता कामा नये. दोन हेडफोनांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच ठेवा. जो थोडा मोठा वाजतो तोच आपल्याला चांगला वाटतो, ही कानाची खोड आहे.

आणि सगळ्यात मोठी कसोटी ही: आवाज निम्म्यावर आणा आणि परत ऐका. लहान आवाजातही सारं स्पष्ट येत असेल तोच हेडफोन घ्यावा. यात मुलांच्या कानांचा प्रश्न आहे, मैत्रिणींनो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, पण ९० डेसिबल झाला की फक्त ४ तास! मुलांसाठी तर मर्यादा ७५ डेसिबलचीच धरतात. आतल्या कानातल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या एका मुलाच्या हेडफोनातलं गाणं मला दारातूनच ऐकू येतं, आणि हल्ली प्रश्न त्याला दोनदा विचारावा लागतो. फोनवर आवाजाची खूण ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, असा संघटनेचा सल्ला आहे.

लोकलमध्ये हे पाळणं कठीण. खडखडाटावर मात करायला हात आपोआप आवाज वाढवतो. गादी नीट बसली तर निम्मं काम होतं. बाहेरचा आवाज कमी करणारी सोय आता स्वस्त हेडफोनांतही येते. गाडीची, पंख्याची एकसुरी घरघर ती खाते, पण शेजारणीच्या गप्पा किंवा पोराचं रडणं फारसं थांबवत नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे द्यायचे तर रोज प्रवास करणाऱ्यासाठीच द्यावेत.

घरी बसून अभ्यासाला वायरचाच बरा. स्वस्त पडतो, चार्जिंगची कटकट नाही, वीज गेली तरी चालतो. मात्र फोनला त्याचं भोक आहे ना, ते आधी बघा. नव्या कितीतरी फोनांना नसतं. बिनतारी घेतलात तर दुकानातूनच घरी एक फोन लावा. बोलताना समोरचा आवाज एकदम डब्यातून आल्यासारखा वाटतो, तो बहुधा बिघाड नसतो, ब्लूटूथची रीतच तशी आहे. पण आपलं बोलणं पलीकडे नीट पोचतं का, ते विचारा.

बिनतारी हेडफोनच्या खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक पाहून घ्या, आणि वॉरंटीसाठी पक्कं बिल मागा. घरबसल्या मागवणार असाल तर माल परत घेतात की नुसता बदलून देतात, हे पैसे भरण्याआधी वाचा.

एकच हेडफोन घरात सगळे वापरणार असतील तर गाद्या ओल्या फडक्याने पुसून वाळवत चला. शाळेतल्या मुलींच्या डोक्यात उवा झाल्या असतील तर तेवढे दिवस तिचा हेडफोन तिलाच राहू दे. पावसाळ्यात रेक्झीनचे पापुद्रे सुटतात. सुट्या गाद्या मिळतात, त्यासाठी अख्खा हेडफोन टाकू नका.