खाणीच्या लिलावाआधी रानाचा नकाशा

२००२ मध्ये कर्नाटकातून हत्ती मांगेलीमार्गे दोडामार्ग तालुक्यात उतरले, तेव्हा सिंधुदुर्गातल्या अनेकांनी आयुष्यात पहिल्यांदा रानटी हत्ती पाहिला. माड मोडले, केळीच्या बागा झोपल्या, भाताची नासाडी झाली. शेतकऱ्यांचा त्रास खराच होता आणि आजही आहे. पण हत्ती इथवर पोचले ते सह्याद्रीच्या या भागात रान अजून बरेचसे सलग आहे म्हणून. एका बाजूला गोव्याची म्हादई आणि कर्नाटकाचे भीमगड, दुसऱ्या बाजूला राधानगरी आणि पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. यांना जोडणारा सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा हा वाघांचाही भ्रमणमार्ग आहे.

याच पट्ट्यातल्या डोंगरांत लोहखनिज आहे.

खनिजासाठी डोंगर खणताना आधी वरचे रान आणि जांभ्याचा थर काढावा लागतो. पाऊस जिरवून ठेवणारा आणि पुढे महिनोन्‌महिने झऱ्यांना पुरवणारा थर तोच. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की पाणी उपसत राहावे लागते आणि खालच्या वाडीतली विहीर आटते. काढलेल्या मातीचे ढीग पावसाळ्यात ओहोळात येतात, तिथून भातशेतीत. याच पट्ट्यातल्या कळणे गावाने याहून वाईट पाहिले. जुलै २०२१ मध्ये मुसळधार पावसात खाणीची कड फुटली आणि लाल चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत शिरला.

ही भीती गावांना आधीपासून होती. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीचे काम चालू असताना सिंधुदुर्गातल्या २५ ग्रामसभांनी ठराव करून सांगितले की आमचे गाव पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करा. कोकणातल्या लोकांना निर्बंध नकोत असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ठराव एकदा वाचावेत. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. नंतरच्या कस्तुरीरंगन समितीच्या संवेदनशील क्षेत्रांच्या यादीतून मात्र दोडामार्ग वगळला गेला. प्रश्न उच्च न्यायालयातही गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने दोडामार्गात वृक्षतोडीला बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये या पट्ट्यातली २५ गावे संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची कार्यवाही करण्याचे आदेश दिले. गावांनी मागितलेले मिळायला एवढी वर्षे आणि एवढ्या तारखा का लागाव्यात?

माझ्या मते दोष क्रमात आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून मोठ्या खनिजांचे पट्टे लिलावाने दिले जातात. कोणता डोंगर लिलावात घालायचा हे आधी ठरते, पर्यावरणाचा अभ्यास आणि जनसुनावणी नंतर. तोवर बोली लागलेली असते, सरकारचा महसुलाचा हिशेब मांडून झालेला असतो आणि गावकऱ्यांचे बोलणे अडथळ्यासारखे ऐकले जाते. शिवाय अभ्यास एका खाणीपुरता होतो. वाघ एका खाणीच्या हद्दीत राहत नाही. चार खाणी वेगवेगळ्या पाहिल्या तर प्रत्येक किरकोळ दिसते, आणि चौघी मिळून वाट बंद करतात.

चिरेखाणींचे तर आणखीच. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याशिवाय घर उभे राहत नाही, त्यामुळे त्या बंद करा असे मी म्हणणार नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या, जांभ्यासारख्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली, आणि पुढे जिल्हा सर्वेक्षण अहवालाची सोय झाली. हा अहवाल म्हणजे संपूर्ण जिल्ह्याचा एकत्र विचार करायची सरकारने स्वतःच दिलेली जागा आहे. त्यात खनिजाच्या साठ्यांबरोबर भ्रमणमार्ग, झरे, देवराया आणि सडे एकाच नकाशावर यायला हवेत. हेवाळे-बांबर्डे इथली रानटी जायफळाची दलदल २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिचे क्षेत्र तीन हेक्टरही भरत नाही. एवढीशी जागा नकाशावर नसेल तर तिच्या वरच्या उतारावर परवाना देणाऱ्याला ती दिसणारच नाही.

या पट्ट्यातली पुष्कळ जमीन खासगी मालकीची आहे, आणि रान तोडून तिथे रबराची लागवडही झाली. म्हणून नुसती मनाई पुरणार नाही. रान राखणाऱ्या मालकाला दरवर्षी मोबदला आणि हत्तीने बाग मोडली तर त्याच हंगामात भरपाई, ही तरतूद त्या २५ गावांच्या अधिसूचनेबरोबरच यायला हवी.