लग्नांतील वाजंत्री : अस्सल, नक्कल आणि मुहूर्त

धाराशिव जिल्ह्यांतील येडशी येथील एका गृहस्थांनीं आपल्या घरच्या लग्नकार्यानिमित्त आम्हांस एक प्रश्न विचारला. मांडवांत सनई-चौघड्याचे वाजंत्री बोलवावे, कीं ध्वनिमुद्रित सनई कर्ण्यावरून लावून काम भागवावें ? प्रश्नांत खर्चाचा भाग अर्थातच होता. परंतु तो केवळ खर्चाचा असता, तर जुन्या कागदांच्या नादीं लागलेल्या मंडळींस त्यांनीं तो घातला नसता. मुद्रित वादन ही खऱ्या वादनाची नक्कल होय. तेव्हां अस्सलाच्या जागीं नक्कल चालते कीं नाहीं, हें अस्सल-नक्कलेचा व्यवहार करणाऱ्यांनींच सांगावें, असा त्यांचा आशय होता. हा प्रश्न आज गांवोगांवीं प्रत्येक मांडवांत उभा आहे, व त्याचा आपल्या संग्रहकार्याशींही निकटचा संबंध पोहोंचतो. सबब त्याचें उत्तर येथें विस्तारानें देत आहों.

प्रथम स्थळाविषयीं दोन शब्द. येडशी हें गांव धाराशिवच्या उत्तरेस बालाघाटाच्या डोंगरांत वसलेलें असून, जवळच घाटांतील झाडींत रामलिंगाचें प्रसिद्ध देवालय आहे. भोंवतालच्या रानास १९९७ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १९११ सालीं लातुरापर्यंत पोहोंचला, तो येडशीवरून. २००८ सालीं ह्या भागांत त्याच्या जागीं रुंद मार्ग झाला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत मोडत होता. तुळजापूर ह्याच जिल्ह्यांत, आणि बार्शी-सोलापूर हीं गांवें आगगाडीच्या व सडकेच्या वाटेवर. त्यामुळें तुळजाभवानीच्या गोंधळ्यांचा संबळ, मराठवाड्याची हलगी आणि सोलापुराकडील सनई हीं तिन्ही येथील गृहस्थाच्या हाताशीं आहेत. मुद्रित सनई तर आतां प्रत्येकाच्या खिशांतच आहे.

आतां मूळ प्रश्न. आमच्या व्यवहारांत अस्सल म्हणजे ज्या प्रसंगीं, ज्या कामासाठीं कागद लिहिला, तो प्रत्यक्ष कागद; व नक्कल म्हणजे त्यावरून मागाहून उतरलेली प्रत. नक्कल विश्वसनीय असेल तर अस्सलाचा मजकूर तींत पुरता सांपडतो. ह्या न्यायानें पाहतां मुद्रित सनई ही नक्कल खरी. पण ती कशाची? ती येडशीच्या लग्नाची नक्कल नव्हे. कोणे एके दिवशीं, कोणा एका शहरांत, मुद्रणालयाच्या बंद खोलींत झालेल्या वादनाची ती नक्कल आहे. एखाद्या वाड्याच्या खरेदीखताची उत्तम प्रत दुसऱ्याच वाड्याच्या मालकीबद्दल पुढें केली, तर प्रत निर्दोष असूनही ती तेथें लागू पडत नाहीं. तसाच हा प्रकार होय. अर्थात् वाद नकलेच्या शुद्धतेचा नसून ती प्रस्तुत प्रसंगास लागू आहे कीं नाहीं, एवढाच आहे. हें पाहण्यासाठीं लग्नांत वाद्य नेमकें काय काम करितें, तें तपासणें अवश्य आहे.

लग्नांतील मुख्य वादन मुहूर्ताशीं बांधलेलें आहे. जुन्या काळीं लग्नघटिका मोजण्यास घटिकापात्र मांडीत. पाण्याच्या पात्रांत बुडास बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली कीं एक घटका, म्हणजे आजच्या हिशेबानें २४ मिनिटें, भरली. घटकेचीं ६० पळें, व प्रत्येक पळ २४ सेकंदांचें. अंतरपाटाच्या दोहों बाजूंस वधूवर उभीं, उपाध्याय मंगलाष्टकें म्हणत आहेत, मंडळींच्या हातांत अक्षता, आणि वाजंत्र्यांची दृष्टि उपाध्यायांकडे, अशी ती घटका असते. मंगलाष्टकें नांवाप्रमाणें आठच असतील असा नेम नाहीं. मुहूर्तास अवकाश असला तर घरच्या मंडळींचीं आणखी दोन-चार होतात. मुहूर्त जवळ आला तर आंवरतें घेतात. शेवटच्या ‘सावधान’ बरोबर अंतरपाट दूर होतो, ‘वाजवा’ अशी हांक जाते, आणि त्याच क्षणीं सनई व नगारा उठावे लागतात. दूर बसलेल्या माणसांस लग्न लागलें हें कळतें तें ह्या नादानें. सारांश, येथें वाद्य ही करमणूक नसून जाहीर द्वाही आहे. ‘सावधान’ हा शब्द ऐकतांच मराठवाड्यांतीलच जांब गांवचे समर्थ रामदास बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरागत कथा आहे. ह्या एका शब्दास किती महत्त्व दिलें जात असे, हें तीवरून दिसतें.

ह्या ठिकाणीं मुद्रित वादनाची अडचण त्याच्या घडणींतच आहे. हिंदुस्थानांत ग्रामोफोन कंपनीचें पहिलें मुद्रण फ्रेड गेसबर्ग ह्यांनीं १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास केलें. गौहर जान ह्यांचें गायन तेव्हांच तबकडीवर उतरलें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटें, म्हणजे साडेसात पळें चाले. पुढें लांब पल्ल्याच्या तबकड्या आल्या, फिती आल्या, आणि आतां लांबीची मर्यादा उरली नाहीं. परंतु मूळ गुण बदललेला नाहीं. मुद्रित वादन आपल्या मापानें चालतें. उपाध्यायांकडे पाहत नाहीं. नवरदेव मारुतीच्या देवळांतून येण्यास उशीर झाला, तर वाजंत्री आलाप वाढवितो. अंतरपाट अचानक सुटला, तर आहे त्या स्वरावरून द्रुत लयींत येतो. यंत्रास हें सांगणारा कोणी माणूस शेजारीं बसवावा लागतो, आणि तो बहुधा त्याच क्षणीं अक्षता टाकीत असतो.

दुसरें काम नांवें घेण्याचें. हळदीच्या व घाण्याच्या वेळीं बायका ओव्या म्हणतात, त्यांत नवरीचें, मामाचें, भावाचें नांव घातलेलें असतें. लग्नानंतर कुळाचाराप्रमाणें गोंधळ घालितात. गोंधळी संबळ-तुणतुण्याच्या साथीनें दिवटीच्या उजेडांत देवदेवतांस पाचारण करितो, आणि त्यांत यजमानाच्या कुळाचा व कुळस्वामिनीचा उल्लेख येतो. तुळजापुरापासून इतक्या जवळ असलेल्या गांवांत तर हा विधि विशेष जिव्हाळ्याचा. दुसऱ्याच्या घरचा मुद्रित गोंधळ लावणें म्हणजे दुसऱ्याच्या नांवची निमंत्रणपत्रिका आपल्या पाहुण्यांस धाडण्यासारखें आहे.

येथवर वाचून आम्ही मुद्रणाचे शत्रु आहों, असा ग्रह होण्याचा संभव आहे. परंतु तसें नाहीं. पुण्याचे शंकरराव गायकवाड किंवा काशीचे बिस्मिल्ला खां (१९१६–२००६) ह्यांची सनई येडशीच्या मांडवांत ऐकूं यावी, ही सोय मुद्रणानेंच झाली. पाहुणे जमत असतां, भोजनाच्या पंक्ती बसत असतां, विधि जेव्हां वाद्याची वाट पाहत नसतो, तेव्हां असें वादन मंद आवाजांत लावणें यांत कांहींही वावगें नाहीं. बेसूर ताफ्यापेक्षां तें शतपटीनें बरें. एवढें मात्र पाहावें, कीं सकाळच्या लग्नांत सकाळचे राग व गोरज मुहूर्तास सायंकाळचे राग लावले जावेत. जाणता वाजंत्री हें भान आपण होऊन ठेवितो. यंत्राच्या बाबतींत तें यजमानास ठेवावें लागतें.

आणखी एक गोष्ट ह्या प्रश्नांत आहे, व ती प्रांजळपणें सांगितली पाहिजे. जुनी वाजंत्री गेली म्हणून हळहळणारे पुष्कळ. पण ती कोण वाजवी व कोणत्या स्थितींत वाजवी, हें क्वचितच सांगितलें जातें. देवळांतील सनई-चौघडा बहुधा गुरवांकडे असे. लग्नांतील सनई, डफ, हलगी हीं ठिकठिकाणीं मांग, होलार आदि समाजांकडे असत. गांवगाड्यांतील हें काम पिढीजात होतें; मोबदला धान्याच्या वाट्यानें व मानाच्या तुकड्यानें मिळे, आणि ज्याच्या नादाशिवाय लग्न लागलें असें होत नसे, तो स्वतः मांडवाच्या बाहेर उभा असे. ह्या गांवगाड्याचें वर्णन त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गांव-गाडा’ ग्रंथांत केलें आहे. अशा सक्तीच्या वादनांतून ज्या कुटुंबांनीं अंग काढून घेतलें, त्यांनीं एक कला सोडली हें खरें. पण अपमानही सोडला. सबब जिवंत वादनाचा पुरस्कार करतांना आम्हांस जुनी वेठ पुन्हां आणावयाची नाहीं. वाजंत्र्यास गवयाप्रमाणें आगाऊ ठरविलेली बिदागी द्यावी, मांडवांत बैठक द्यावी, आणि पंगतींत पाहुण्यांबरोबर पान वाढावें. हें ज्यास करावयाचें नसेल, त्यानें खुशाल यंत्र लावावें. तेवढ्यानें निदान कोणाचा अवमान तरी होणार नाहीं.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमांत धार्मिक विधीच्या प्रसंगीं केलेलें वादन व लावलेलें ध्वनिमुद्रण ह्यांस सूट असून, लग्नाची वरात व लग्नानिमित्तचे इतर सामाजिक समारंभ हेही त्या सुटींत गणले आहेत. तेव्हां घरच्या लग्नांत तबकडी लावल्याबद्दल कोणी हक्काची रक्कम मागूं लागल्यास हें कलम ध्यानांत असावें. दुसरें असें, कीं २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत बंदिस्त जागेखेरीज कर्णे वाजवितां येत नाहींत, आणि पुढील दुरुस्तीनें हा निर्बंध वाद्यांसही लागू आहे. रात्रीचा गोंधळ त्या बेतानें ठरवावा.

आतां आमच्या वाचकांस विशेष आस्था असावी असा मुद्दा. लग्नखर्चाच्या जुन्या याद्या आपल्या संग्रहांत पुष्कळ येतात. १७८३ सालीं पुण्यास झालेल्या सवाई माधवरावांच्या लग्नाची व्यवस्था इतिहासभक्तांस परिचित आहे. पण लहानसहान घरांच्या रुमालांतही अशा याद्या निघतात, व त्यांत आचारी, कासार, सोनार ह्यांच्या रकमांबरोबर वाजंत्र्यांचें कलम असतें. बखरींनीं ज्याची दखल घेतली नाहीं, असा माणूस अनेक वेळां एवढ्या एका ओळींतच उरतो. आजच्या लग्नांत यंत्र लावलें कीं ही ओळ बंद पडते. आणि वाजंत्री आले तरी पत्रिकेंत दूरच्या आप्तांचीं नांवें छापलीं जातात, वाजविणाऱ्याचें नाहीं. शंभर वर्षांनीं कोणी अभ्यासक येडशीकडे सनई कोण वाजवीत असे हें शोधूं लागला, तर त्यास काय मिळेल ?

येथेंच मुद्रण आपल्या खऱ्या कामास येतें. हेमा राईरकर व गी पॉइटविन ह्यांच्या प्रयत्नानें खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरील एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या, आणि त्यांतील कित्येकींचा आवाजही मुद्रित झाला. त्या ओव्या कोणी लग्नांत लावाव्या म्हणून तें केलें नाहीं. त्या बायका, त्यांचीं गांवें व त्यांचे बोल नष्ट होऊं नयेत म्हणून केलें. मुद्रण हें प्रसंगाच्या जागीं बसविण्याची वस्तु नव्हे. तो प्रसंगाचा दस्तऐवज आहे.

येणेप्रमाणें येडशीकर गृहस्थांस आमचें उत्तर असें : जेथें विधि वाद्याची वाट पाहतो व जेथें वाद्य तुमच्या घरचें नांव घेतें, म्हणजे अंतरपाट, वरात व गोंधळ ह्या तीन ठिकाणीं, माणूस बोलवावा. जेथें वाद्यानें केवळ वेळ गोड करावयाचा, तेथें मुद्रित सनई पुरे. पैसा थोडा असेल तर दिवसभराचा ताफा न सांगतां एक सनई, एक सूर धरणारा व एक संबळ मुहूर्तापुरते सांगावे. परंतु त्यांस पुरी बिदागी द्यावी. त्यांच्या संमतीनें पांच-दहा मिनिटांचें वादन मुद्रित करावें. लग्नाच्या यादींत वाजविणाऱ्यांचीं नांवें, गांव, वाद्यें, वाजविलेले राग किंवा चाली व दिलेली रक्कम, शक्य तर त्यांनीं विद्या कोणापासून घेतली तेंही, लिहून तो कागद पत्रिकेबरोबर जपून ठेवावा.

संग्राहक वाचकांसही विनंति हीच. आपल्या घरच्या पुढील कार्यांत एवढी एक ओळ लिहावी. जुने कागद जमविणें हें आपलें व्रत खरें. पण उद्यांचे जुने कागद आजच लिहिले जातात, हें विसरून चालणार नाहीं.