परत खरेदीचें वचन आणि वडीलधाऱ्यांची पुंजी

आपल्या वाई तालुक्यांत साठी उलटलेल्या बागाईतदाराच्या हातीं एकदम मोठी रक्कम येते ती बहुधा जमिनीच्या मोबदल्याची, अगर घरांतील कोणी नोकरींतून निवृत्त झाल्यावर मिळालेली. गोड बोलून पैसा नेणाऱ्यांस ही वार्ता कशी लागते कोण जाणे, पण लागते खरी.

शेजारच्या सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरच्या महारयत ॲग्रो कंपनीचें कडकनाथ प्रकरण २०१९ सालीं उघडकीस आलें. कडकनाथ ही झाबुआकडील काळी कोंबडी. पक्षी अस्सल, त्याच्या मांसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें होतें. शेतकऱ्यानें पैसे भरून कंपनीकडून पिलें घ्यावयाचीं, खाद्य तिनेंच पुरवावयाचें, आणि अंडीं व वाढलेले पक्षी चढ्या दरानें तिनेंच परत घ्यावयाचे, असा करार. पुढें खरेदी थांबली, खाद्य येईनासें झालें, शेडांतील पक्षी उपाशी मरूं लागले आणि फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले.

या व्यवहारांत विकणाराहि तोच आणि घेणाराहि तोच, हें मर्म आहे. हळद वाईस न खपली तर सांगलीची पेठ आहे. ऊंस कारखान्यानें न नेल्यास निदान गुऱ्हाळ आहे. ज्या मालास करार करणाऱ्यावांचून दुसरें गिऱ्हाईक नाहीं, त्याचा दर कागदावर कितीहि मोठा लिहितां येतो. अशा योजनांत पहिल्या खेपेस पैसे भरणाऱ्यास पुष्कळदां वेळेवर रक्कम मिळते. ती मागाहून आलेल्यांच्या पैशांतून दिलेली असते. मग तोच गृहस्थ भाऊबंदांत साक्ष देत हिंडतो. त्याची साक्ष खोटी नसते, म्हणूनच ती अधिक घातक.

शेळ्यामेंढ्यांच्या नांवानें पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीनें, आणि शेतजमिनीच्या नांवानें पीएसीएल कंपनीनें असाच पैसा गोळा केला. पीएसीएलनें जमविलेले सुमारें ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा हुकूम सेबीनें २०१४ सालीं दिला.

महसूल दफ्तरांत उभी हयात गेल्यामुळें कागदाविषयीं थोडें अधिकारानें सांगतों. मुद्रांकाचा कागद ही सरकारास शुल्क पोंचल्याची खूण. आंतील मजकुराची हमी नव्हे. सही कोणी केली एवढेंच नोटरीचा शिक्का सांगतो. कंपनी नोंदल्याचें प्रमाणपत्र हा तिच्या जन्माचा दाखला होय. जन्माच्या दाखल्यावरून मुलगा सद्वर्तनी निघेल असें कोणी मानतो काय? चौकटींत लावलेलीं हीं प्रमाणपत्रें पाहून शहाणीं माणसेंहि भुलतात. मागावयाचा कागद निराळाच: सामुदायिक गुंतवणूक चालवावयाची तर सेबीची नोंदणी हवी. ती दाखवितांना टाळाटाळ झाली कीं उठावें, चहासहि थांबूं नये.

पाटीवरील ‘सहकारी’ या शब्दाचेंहि तसेंच. सहकारी बँकेंतील ठेवीस २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचें संरक्षण आहे. पतसंस्थेंतील ठेवीस तें नाहीं. पोस्टांतील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेंत ६० वर्षांवरील माणसास ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवतां येते. व्याज कडकनाथाएवढें दिसत नाहीं, हें खरें.

पैसे अडकलेच तर वृद्ध मंडळी मुलांपासून लपवितात. सुना काय म्हणतील, ही लाज मोठी. परंतु तेवढ्या मुदतींत कंपनीची मालमत्ता इतरांच्या नांवें होऊन जाते. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा अशी मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सरकारास देतो, व तिच्या विक्रींतून ठेवीदारांस पैसे देण्याचा मार्ग विशेष न्यायालयाकडून आहे. त्यास वर्षें लागतात. म्हणून मूळ पावत्या, करार व बँकेचें पासबुक एकत्र बांधून ठेवावें. एजंट ‘नवी पावती देतों’ म्हणून जुनी मागूं लागल्यास ती हातावेगळी करूं नये.

हल्लीं एजंट दारीं न येतां दूरध्वनीवरूनच येतो. पोलिसाचा वेष दाखवून ‘डिजिटल अटक’ झाल्याचें सांगतो व खोलीचें दार लावून घ्यावयास लावतो. अशी अटक कोणत्याहि कायद्यांत नाहीं. दार उघडून घरच्या माणसास हांक मारावी, आणि रक्कम गेली असल्यास तत्क्षणीं १९३० या क्रमांकावर कळवावें; पैसा पुढच्या खात्यांत पळण्यापूर्वीं तो गोठवितां येण्याचा संभव तेवढ्याच वेळांत असतो.