चुकांची वही

१ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी साडेनऊला न्यूयॉर्कचा शेअर बाजार उघडला आणि पुढच्या ४५ मिनिटांत नाइट कॅपिटल या दलाली पेढीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरी पुऱ्या करायच्या होत्या. त्या पुऱ्या करताना पेढीच्या संगणकांनी १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक सौदे करून टाकले. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने २०१३ मध्ये या प्रकरणी काढलेला आदेश सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता. तो सातांवर चढला, आठवा राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून बंद असलेला एक जुना भाग तसाच पडून होता आणि नव्या प्रोग्रॅमने नेमका त्याचाच जुना फ्लॅग, म्हणजे तो भाग चालू करणारी खूण, नव्या कामासाठी घेतला होता. बाजार उघडताच तो जुना भाग जागा झाला.

प्रोग्रॅम सगळीकडे चढला की नाही हे दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं, आणि तपासायलाच हवं असा लेखी नियमही नव्हता. त्या सकाळी बाजार उघडण्याआधी यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते. त्यांत त्या जुन्या भागाचा उल्लेख होता. पण त्या ईमेलकडे धोक्याची सूचना म्हणून बघण्याची पद्धतच नव्हती. गोंधळ सुरू झाल्यावर लोकांनी सात सर्व्हरवरचा नवा, बरोबर प्रोग्रॅम काढून टाकला, त्यामुळे नुकसान आणखी वाढलं. त्या पेढीत हुशार माणसांची वाण नव्हती. कोणत्या सर्व्हरवर काय आहे, हे एका नजरेत दाखवणारा कागद मात्र नव्हता.

इंजिनिअरच्या कार्यक्षमतेचा विषय निघाला की पहाटे उठणं, दोन मॉनिटर लावणं, कुठलंसं नवं ॲप घेणं यांचीच चर्चा होते. या धंद्यात बरीच वर्षं काढल्यावर माझं मत ठाम झालं आहे की ज्याच्या कामाचा हिशेब डोक्याबाहेर, लेखी असतो, तोच माणूस घाई न करता पुष्कळ काम उरकतो. ज्याचा सगळा कारभार आठवणीवर चालतो तो कितीही तल्लख असला तरी कधी ना कधी आठवा सर्व्हर विसरतोच.

या बाबतीत डोनाल्ड कनूथ यांच्यासारखा दुसरा आदर्श मला दिसत नाही. १९७७ मध्ये त्यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं त्यांच्या हाती आली. मधल्या काळात छपाईचं तंत्र बदललं होतं आणि नवी अक्षरजुळणी त्यांना बघवेना. मग स्टॅनफर्डच्या या प्राध्यापकाने अक्षरजुळणीचा प्रोग्रॅमच लिहायला घेतला. तो म्हणजे ‘टेक’. जगभरातले गणिती आणि भौतिकशास्त्रज्ञ आजही त्याच्या आधाराने शोधनिबंध छापतात. १९७८ मध्ये त्याची चाचणी सुरू झाली तेव्हापासून कनूथ यांनी सापडलेली चूक दुरुस्त करून सोडून दिली नाही, ती क्रमाने लिहून ठेवली. दहा वर्षांनी त्या यादीत ८५० हून अधिक नोंदी होत्या, आणि १९८९ मध्ये त्यांनी ती यादी ‘द एरर्स ऑफ टेक’ या निबंधासह छापली.

त्या नोंदींचे त्यांनी पंधरा प्रकार पाडले आणि प्रत्येकाला एक अक्षर दिलं. कुठे मुळात रीतच चुकलेली, कुठे नुसती टायपिंगची चूक, कुठे एखादं काम करायचंच राहून गेलेलं, कुठे प्रोग्रॅमच्या दोन भागांचा मेळ न बसलेला. एक प्रकार तर चक्क ‘आश्चर्य’ असा आहे. सुटे भाग नीट चालतात पण एकत्र आले की भलतंच घडतं, अशा चुका त्यात येतात. आपल्याकडे दुकानदार रोजच्या व्यवहारांची कीर्द लिहितो आणि तिच्यावरून खातेवार खतावणी तयार करतो. कनूथ यांनी चुकांचं तेच केलं. नुसत्या कीर्दीवरून आपण कुठे वारंवार घसरतो ते कळत नाही. ते खतावणीत दिसतं. माझ्या स्वतःच्या वहीत सर्वांत भरलेलं खातं तारीख आणि वेळ यांच्या हिशेबाचं आहे. भारतीय वेळ, ग्राहकाची वेळ आणि सर्व्हरची वेळ यांत होणारी गल्लत. ते दिसल्यापासून तारखेशी संबंधित कोड लिहिताना मी आधी चाचणी लिहितो, मग कोड.

कनूथ यांच्या पुस्तकात पहिल्यांदा चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचं बक्षीस मिळतं. २५६ म्हणजे दोनाचा आठवा घात. आणि १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ईमेल वापरणं सोडलं. टपालाने आलेली पत्रं साठवून ते एकदम उत्तरं देतात. नोकरी करणाऱ्याला ईमेल सोडता येणार नाही हे उघड आहे. साठवून एकदम उत्तर देणं मात्र कुणालाही जमण्यासारखं आहे, आणि बहुतेक निरोपांना दोन तासांचा उशीर सहज चालतो.

वॉट्स हम्फ्री हे दुसरं नाव. आयबीएममधली दीर्घ नोकरी संपवून ते १९८६ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. १९९० च्या दशकात बेंगळुरू, चेन्नई, पुणे, मुंबईच्या कंपन्या ज्या ‘सीएमएम लेव्हल फाइव्ह’च्या मागे धावत होत्या, सॉफ्टवेअर कंपन्यांच्या कामाची शिस्त मोजणाऱ्या त्या मोजपट्टीचे ते जनक. चेन्नईत २००० साली त्यांच्या नावाची गुणवत्ता संस्थाही उघडली. पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते पुढच्या कामात. संस्थांसाठी बनवलेली शिस्त एकट्या माणसाला लागू पडते का, हे पाहायला ते स्वतः प्रोग्रॅम लिहायला बसले. त्यातून ‘पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस’ तयार झाली आणि १९९५ मध्ये तिचं पुस्तक आलं.

तिच्यात दोन तक्ते मुख्य आहेत. एक वेळेचा. काम कधी सुरू केलं, कधी थांबवलं, मध्ये किती मिनिटं व्यत्यय आला. दुसरा चुकांचा, आणि त्यातले दोन रकाने फार मोलाचे आहेत. चूक शिरली कुठे आणि सापडली कुठे. आराखड्यात शिरलेली चूक आराखडा वाचतानाच सापडली तर दहा मिनिटांत निस्तरते. तीच चाचणीत सापडली तर तासन्‌तास खाते, आणि ग्राहकाच्या हाती गेली तर सगळ्या टीमची रात्र जाते. हे दोन रकाने महिनाभर प्रामाणिकपणे भरले तर आपण कुठे घाई करतो ते कुणी सांगावं लागत नाही.

पूर्ण पद्धत जड आहे हेही सांगायला हवं. तिचे सगळे तक्ते भरत काम करणारे इंजिनिअर मला फारसे भेटले नाहीत. वेळ, व्यत्यय, चूक कुठे शिरली आणि कुठे सापडली, एवढंच ठेवलं तरी बरंचसं सार हाती राहतं.

इथे आपल्या कंपन्यांतल्या टाइमशीटबद्दल स्पष्ट बोलतो. शुक्रवारी संध्याकाळी आठवून आठवून भरलेले ते आठ-आठ तास ग्राहकाच्या बिलासाठी असतात. त्यातून कुणालाच काही शिकता येत नाही. हम्फ्री यांचा आग्रह होता की हे आकडे इंजिनिअरचे स्वतःचे असावेत, साहेबाने त्यावरून माणसाचं मूल्यमापन करू नये. आकड्यांवरून पगारवाढ ठरणार असं कळलं की त्याच दिवसापासून आकडे खोटे होतात.

व्यत्ययांचं म्हणाल, तर टॉम डिमार्को आणि टिमथी लिस्टर यांचं ‘पीपलवेअर’ हे १९८७ चं पुस्तक अजून शिळं झालेलं नाही. त्यांनी १९८४ ते १९८६ या काळात ९२ कंपन्यांतल्या ६०० हून अधिक जणांना एकच काम देऊन स्पर्धा घेतल्या. सर्वांत वरच्या गटातल्या ३८ टक्के लोकांनी सांगितलं की आमच्या कामात वारंवार विनाकारण व्यत्यय येतो. सर्वांत खालच्या गटात हेच प्रमाण ७६ टक्के निघालं. शिवाय एकाच कंपनीतले स्पर्धक साधारण सारख्याच पातळीवर आढळले. म्हणजे सवय एकट्याची असली तरी तिला जागा कंपनीच देते. पुण्या-बेंगळुरूच्या ज्या टीम अमेरिकेसाठी काम करतात त्यांच्या ग्राहकाबरोबरच्या मीटिंग संध्याकाळी पडतात. सकाळ आयती मोकळी मिळते, आणि ती आपण आपल्याच अंतर्गत मीटिंगांत घालवतो. सकाळचे तीन तास टीमने ठरवून निरोपांविना ठेवले, तर अवघड काम त्यातच होतं.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट वापरणाऱ्यांकडे तर अर्धी वही आधीच तयार असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. त्यातली ‘बायसेक्ट’ ही आज्ञा बिघाड कोणत्या बदलाने आला ते इतिहास निम्मा-निम्मा करत शोधते. १,०२४ बदलांत दोषी बदल दहा चाचण्यांत सापडतो. पण बदल छोटे आणि आपापल्या जागी पुरे असले तरच या शोधाचा उपयोग. आठवड्याभराचं काम ‘फिक्सेस’ एवढ्या एका शब्दाखाली ढकललं असेल, तर शोध तिथे पोचून थांबतो आणि पुढे पुन्हा अंधार. काय बदललं ते कोडच दाखवतो, का बदललं ते माणसानेच लिहायला हवं. आता कोडचा मोठा भाग यंत्र लिहून देऊ लागलं आहे, तेव्हा हे ‘का’ लिहिण्याची जबाबदारी आणखी वाढली आहे.

मी स्वतः निघण्याआधी थोडक्यात लिहून ठेवतो. आज काय झालं, कुठे अडलं, उद्या पहिली गोष्ट कोणती. दुसऱ्या दिवशी मशीन उघडल्यावर धागा शोधत बसावं लागत नाही. आणि रात्री ग्राहकाकडच्या सहकाऱ्याला तोच मजकूर पाठवता येतो.

पण चुका लिहिणारा माणूस टिकायचा तर त्याच्याभोवती भीती नको. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब कंपनीतल्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर डेटा पुसण्याची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरला तेव्हा त्याने ती थांबवली. बॅकअपची ठरलेली यंत्रणा गुपचूप बंद पडलेली होती आणि तिच्या अपयशाचे ईमेल कुणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून काम पुन्हा उभं राहिलं. कंपनीने दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली, नोंदी सगळ्यांना वाचायला खुल्या ठेवल्या, आणि नंतरच्या अहवालात त्या माणसाचा उल्लेख फक्त ‘टीम मेंबर १’ असा केला. उपाय यंत्रणेत शोधले. त्यातला एक अगदी साधा. आपण कोणत्या सर्व्हरवर आहोत ते आज्ञा टाइप करण्याच्या ओळीतच ठळक दिसावं.

टीम लीड आणि प्रोजेक्ट मॅनेजर मंडळींना माझं सांगणं आहे की पुढच्या वेळी काही कोसळलं तर ‘कुणी केलं’ हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारू नका. कोणती पायरी लेखी नव्हती ते विचारा, त्याच बैठकीत ती लिहून घ्या, आणि स्वतःची एखादी चूक त्या यादीत सगळ्यांत आधी लिहा.