वय मुलाचं, खातं पप्पांचं



परवा पाचवीच्या वर्गात सहज विचारलं, "इन्स्टावर कोण कोण आहे?" भराभर हात वर झाले. "खातं कोणाच्या नावावर?" तर कोणी म्हणालं पप्पांच्या, कोणी ताईच्या. एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, मी जन्मसाल खोटं टाकलंय." वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप वापरण्यासाठी किमान वय १३ वर्षे आहे. पाचवीतलं मूल १० ते ११ वर्षांचं. म्हणजे नियमाप्रमाणे ही मुलं तिथे असायलाच नकोत. पण पप्पांच्या खात्यावर बसलेलं मूल ॲपच्या लेखी पस्तीस-चाळीस वर्षांचा माणूस असतं. त्यामुळे लहानांसाठी केलेली बंधनं त्याला लागूच होत नाहीत. मोठ्यांच्या जाहिराती, मोठ्यांचे व्हिडिओ सरळ त्याच्यासमोर येतात.

दुसरी गोष्ट रील्सची. आपल्या लहानपणी टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा आणि आपण उठायचो. रील संपतच नाही. आपण कोणत्या व्हिडिओवर किती वेळ थांबलो हे ॲप टिपतं आणि तसाच पुढचा व्हिडिओ देतं. "आता पुरे" हे ठरवणं मोठ्यांनाही जमत नाही, मग मुलांना कसं जमेल? जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, पण त्याच वर्षी आपल्याकडे इन्स्टाग्राम रील्स आणि यूट्यूब शॉर्ट्स सुरू झाले. शाळा बंद होत्या, ऑनलाईन तासासाठी मोबाईल घरोघरी मुलांच्या हातात आला होता. ॲप गेलं, सवय राहिली.

मुलं तिथे सगळं वाईटच बघतात असं नाही. आमची मुलं कोळीगीतांवर, हळदीच्या गाण्यांवर सुंदर नाचतात. काही जण चित्रं काढायला शिकलीत. पण लाईक कमी आले की दुसऱ्या दिवशी चेहरा उतरलेला असतो, हे मी वर्गात पाहते.

उरणमधली अडचणही मला कळते. बंदरात, कंटेनर यार्डात शिफ्ट ड्यूटी. रात्रपाळी करून बाबा दिवसा झोपलेले, घरात आवाज नको म्हणून मुलाच्या हातात मोबाईल. यात पालकांना दोष देऊन उपयोग नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक मार्ग काढला. संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावात टीव्ही, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. महत्त्वाचं म्हणजे नियम फक्त मुलांना नाही, मोठ्यांनाही आहे. "तू ठेव, मी बघतो" असं तिथे चालत नाही.

आपल्याकडे भोंगा नसला तरी घरात एवढं करता येईल:

१. मुलाला स्वतःच्या खात्यावर बसू देऊ नका. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे.
२. फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' उघडा. कोणत्या ॲपवर किती वेळ गेला ते मुलासोबत बसून बघा, स्वतःचाही.
३. जेवताना सगळ्यांचे फोन एका जागी ठेवा.
४. "आज काय पाहिलंस?" हे न रागावता विचारा. रागावलात की मूल लपवायला शिकतं.

आज रात्री एवढंच बघा, तुमच्या फोनवर कोणाकोणाची खाती उघडलेली आहेत. मग पालकसभेत आपण बोलूच.