प्रथमोपचार: मोबाइलवर किती, डमीवर किती?

कारखान्यांतून मी प्रथमोपचार शिकवते. त्याआधी रुग्णालयात नर्स होते. दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस, ही अट 1948 च्या कारखाने कायद्याने घातली. तेव्हापासून हे वर्ग भरतात. पूर्वी दिवसभर हॉलमध्ये बसवायचे. रात्रपाळी करून आलेली पोरं जेवणानंतर पेंगायची, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. आता निम्मा अभ्यासक्रम मोबाइलवर गेलाय. व्हिडिओ कंपनीच्या बसमध्ये बघायचा, छोटी चाचणी द्यायची आणि मग माझ्यासमोर यायचं. ‘ब्लेंडेड लर्निंग’ म्हणतात ते हेच.

मला ही पद्धत पटते. हृदय बंद पडलंय हे ओळखायचं कसं, 108 ला काय सांगायचं, एईडीचे, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, पॅड कुठे चिकटवायचे, हे पडद्यावर छान कळतं. नाही कळलं तर पुन्हा बघता येतं. छाती दाबणं मात्र तिथे शिकता येत नाही. मिनिटाला 100 ते 120 वेळा, दर वेळी किमान 5 सेंटिमीटर खोल पण 6 च्या पुढे नाही, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. आकडे सगळ्यांना पाठ असतात. गुडघ्यांवर बसून डमीवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हात ठेवले की कोपर वाकतात, घाईघाईत वेग वाढतो, दाब उथळ होतो, दोन मिनिटांत धाप लागते. (व्हिडिओतला माणूस कधीच दमत नाही!) म्हणूनच दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा असतो. आमच्या डमीतून दाब पुरेसा खोल गेला की ‘टक्’ आवाज येतो. तो आला की चेहरे खुलतात. असली डमी 1960 मध्ये पहिल्यांदा बनवली ती नॉर्वेच्या आस्मुंड लेर्दाल यांनी. त्यांचा धंदा खेळण्यांचा.

अडचण हिशेबाची आहे. मोबाइलचा भाग स्वस्त, त्यासाठी लाइन थांबवावी लागत नाही. म्हणून कात्री लागते ती डमीच्या वेळेला. एका कारखान्यात एकट्यानेच सगळ्यांच्या चाचण्या सोडवून दिल्या होत्या. एचआरच्या तक्त्यात सगळं हिरवंगार! शिवाय ही हाताची सवय काही महिन्यांतच उतरते, आणि प्रमाणपत्र चालतं वर्षानुवर्षं. माझ्या मते वर्षातून एकदा लांबलचक वर्ग घेण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी पाळी सुरू होताना दहा मिनिटं डमीवर घालवावीत.

तुमच्या कंपनीत असं प्रशिक्षण ठरलं, तर व्हिडिओ किती तासांचा हे विचारू नका. डमी किती आणि प्रत्येकाच्या वाट्याला किती मिनिटं, तेवढं विचारा.