एक कोटी प्रती म्हणजे एक कोटी ग्राहक नव्हेत

पोकेमॉनचा नवा गेम आला आणि निन्टेंडोने आकडा जाहीर केला, की ‘इतक्या कोटी लोकांनी गेम घेतला’ अशी वाक्यं जिकडेतिकडे दिसू लागतात. ती चुकीची आहेत, आणि कितीदा सांगितलं तरी पुन्हा लिहिली जातात. नोव्हेंबर 2022 मध्ये ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या जोडीचा पहिल्या तीन दिवसांतला जगभरचा खप कंपनीने एक कोटीच्या वर सांगितला. त्यात जपानचा वाटा 40 लाख 50 हजारांचा. जपानी दुकानांतली विक्री मोजणाऱ्या ‘फामित्सू’चा तेवढ्याच दिवसांचा आकडा मात्र सुमारे 25 लाख. यात कुणी खोटं बोलत नाही. घरबसल्या डाउनलोड केलेला गेम दुकानाच्या मोजणीत येतच नाही, कंपनीच्या आकड्यात तो धरलेला असतो. शिवाय हे दोन वेगळे गेम आहेत; दोन्ही घेणारा दोनदा मोजला जातो. 1996 च्या ‘रेड’ आणि ‘ग्रीन’पासून ही मालिका बहुतेकदा जोडीने येते, कारण काही पोकेमॉन एकाच आवृत्तीत सापडतात आणि दुसरी आवृत्ती असणाऱ्याला ते अदलाबदलीनेच मिळवावे लागतात. म्हणून प्रतींवरून माणसं मोजायला ही मालिका सगळ्यांत फसवी.

त्यात निन्टेंडोच्या आर्थिक अहवालांतला प्रत्यक्ष प्रतींचा आकडा दुकानदारांना विकलेल्या मालाचा असतो. फळीवर धूळ खाणारी प्रतही हिशेबाने विकलेलीच. मग आकडे फुगवलेले आहेत का? नाही. तो व्यवहार खराच झालेला असतो, आणि आधीचा माल खपल्याशिवाय दुकानदार नवा मागवत नाही, त्यामुळे काळ गेला की दुकानदारांना विकलेल्या आणि ग्राहकांनी घेतलेल्या प्रतींचे आकडे जवळ येतात. तफावत असते ती पहिल्या काही आठवड्यांत, नेमकी मथळे छापले जातात तेव्हा. ती किती वाढू शकते हे अटारी कंपनीच्या ‘ई.टी.’ या गेमने 1982 च्या नाताळात दाखवलं: लाखो कार्ट्रिज विकली गेलीच नाहीत, आणि त्यांतली काही न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत पुरली गेली. 2014 मध्ये त्यांतली थोडी खणून काढण्यात आली.

खपाच्या आकड्यांत आणखीही गल्लती होतात. ‘पोकेमॉन गो’चे अब्जाहून अधिक डाउनलोड म्हणजे खप नव्हे, तो गेम फुकट आहे. जुन्या बाजारात पाच हात फिरलेली प्रत कंपनीच्या लेखी एकच. आणि वाल्व्ह कंपनीच्या स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातल्या विक्रीचे बाहेरून बांधलेले अंदाज 2018 नंतर आणखी ढोबळ झाले, कारण ज्यांवरून ते बांधले जात त्या खेळाडूंच्या गेमच्या याद्या वाल्व्हने आपोआप खाजगी केल्या.

संपूर्ण मालिकेची बेरीज करताना तर काय धरायचं हेच आधी ठरवावं लागतं. पहिल्या पिढीच्या ‘रेड’, ‘ग्रीन’ आणि ‘ब्लू’ मिळून सुमारे 3 कोटी 14 लाख प्रती. ‘यलो’ ही त्याच गेमची सुधारित आवृत्ती, तिच्या सुमारे 1 कोटी 46 लाख. ‘यलो’ वगळली तर ही पिढी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या 4 कोटी 2 लाखांच्या मागे राहते, धरली तर पुढे जाते. त्या मारिओच्याही कितीतरी प्रती कन्सोलबरोबरच घरी आलेल्या. काय धरलं ते न सांगता छापलेली क्रमवारी म्हणूनच मला निरुपयोगी वाटते. मी ‘यलो’ धरीन, कारण प्रदेश तोच आणि गोष्टही जवळपास तीच. पण मग ‘क्रिस्टल’, ‘एमराल्ड’ आणि ‘प्लॅटिनम’ या नंतरच्या पिढ्यांच्या सुधारित आवृत्त्याही आपापल्या पिढीत धरायला हव्यात.